लाल दिवा खोटं बोलतो

१६ जून, रविवार

आजपासून रोजनिशी. यंत्राचा रोग हुडकायचा तर नोंदी पाहिजेत, आणि नोंदी ठेवण्याएवढी अक्कल या घरात दुसऱ्या कुणाला नाही.

घटना: सकाळी सासूबाईंना विहारात नेताना कालव्याच्या वळणावर पिकअपचा बॅटरीचा लाल दिवा लागला. विझला. परत लागला. विहाराच्या फाटकाशी विझला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुमची गाडी रडते हो. म्हणालो, गाड्या रडत नाहीत, माणसं रडतात, आणि तीही उगाच.

वुटची पंधरा दिवसांच्या भिक्षूपणाची दीक्षा १३ जुलैला. पोरगं रायोंगहून कारखान्याची रजा घेऊन येणार, त्याचं मुंडन होणार, मग पांढरे कपडे घालून, डोक्यावर छत्री धरून, वाजतगाजत विहारात जाणार. कशातून? माझ्या पिकअपच्या हौद्यात उभा राहून. बापाची गाडी, चालवायला बाप. हे तो पाळण्यात असल्यापासून ठरलेलं आहे. मेहुणा सोम्योत त्याची नवी कोरी गाडी घेऊन टपलेलाच आहे, पण त्याने टपूनच राहावं.

संकल्प: आठवड्याच्या आत दिवा कायमचा बंद. मेकॅनिककडे जाणार नाही. अख्खी नोकरी कालव्याची लोखंडी दारं उघडण्यात आणि लावण्यात गेली. यंत्र काय असतं ते मला कुणी शिकवू नये.

१७ जून, सोमवार

निदान झालं. बॅटरीचा दिवा, म्हणजे बॅटरी. इतकं सोपं.

नवी आणली. दुकानदार म्हणतो, काका, आधी जुनी तपासून बघू का, चांगली असेल तर कशाला बदलता. ज्याला स्वतःचा माल विकता येत नाही त्याच्याशी काय बोलायचं. म्हणालो, तू फक्त दे. दुपारी स्वतः बसवली. बाजारापर्यंत चक्कर मारली. दिवा नाही. रोग बरा.

रोजनिशी दोन दिवसांत संपली. जरा वाईट वाटलं. वही चांगली होती.

१९ जून, बुधवार. सकाळी ६:४०

लागला.

नंतर: शांत डोक्याने लिहितो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. गाडी सुरू करून एसी लावला की शेजारच्या चालोंगची मैना कर्कश किंचाळते. चीईईई. बरोबर त्याच वेळी. मुद्दाम. त्याच्या दारात जाऊन सांगितलं की पक्षी आवर, सकाळी माणसाला विचार करता येत नाही. तो निर्लज्ज हसला. म्हणे, दादा, ही बिचारी नववर्षाच्या सोंगक्रानपर्यंत फक्त नमस्कार म्हणायची. हे चीईई तुमच्या गाडीकडून शिकली.

माझ्या गाडीवर आळ. तोही एका पक्ष्याच्या मालकाकडून. त्याला दीक्षेचं आमंत्रण देणार नव्हतो, पण प्रानोमने आधीच देऊन टाकलंय. बायको असली की शत्रूही नीट ठेवता येत नाहीत.

२० जून, गुरुवार

इंटरनेटवरून मागवलेला मीटर आला. आता अंदाज बंद, विज्ञान सुरू.

दुपारी बारा वाजता, कडक उन्हात, गाडी दारात उभी, एसी बंद, सगळं बंद, फक्त इंजिन चालू. मीटर दाखवतो चौदा पूर्णांक एक व्होल्ट. पुस्तकाप्रमाणे उत्तम. तासाने परत मोजलं. तेच. चार्जिंग झकास आहे.

निष्कर्ष: यंत्र निर्दोष आहे. दिवा खोटं बोलतो.

प्रानोम भाजी निवडता निवडता म्हणाली, अहो, दिवा लागतो सकाळी. दव पडलेलं असतं, आईसाठी एसी फुल असतो, पुढचे दिवे लावलेले असतात. मग तेव्हा मोजा ना, उन्हात काय मोजताय? मी सांगितलं की रोग्याला झोपेतून उठवून, पळवून, मग त्याचा ताप मोजत नाहीत. ती म्हणाली, बरं. ती 'बरं' म्हणते तेव्हा तिला काहीही पटलेलं नसतं, हे मला एवढ्या वर्षांत कळलंय. तिला काय पटतं ते मात्र अजून कळलेलं नाही.

२२ जून, शनिवार

सोम्योत आला होता. मंडप कुठे घालायचा, खुर्च्या किती, वगैरे. मंडप-खुर्च्या भाड्याने देणं हा त्याचा धंदा, त्यामुळे स्वतःच्या भाच्याच्या दीक्षेतही तो मोजपट्टी घेऊनच फिरतो. गाडी दारात उभी केली होती, माझ्या गाडीच्या शेजारी. शेजारीच का? जागा काय कमी होती?

मी गाडी सुरू केली, मैना किंचाळली, सोम्योतने कान टवकारले आणि म्हणाला, दाजी, बेल्ट ढिला असेल. घसरतोय. म्हणून आवाज येतो, म्हणून चार्जिंग होत नाही.

बेल्ट! जो मी सोंगक्रानच्या सुट्टीत, या हातांनी, बाहेर सगळा गाव एकमेकांवर पाणी उडवत असताना, भिजत भिजत बसवला तो बेल्ट! गावात नवीन वर्षाच्या दिवशी काम करणारा मी एकटा होतो. त्याला म्हणालो, खुर्च्यांना बेल्ट नसतो, तेव्हा तू खुर्च्यांचं बघ. तर दात काढून म्हणतो, दाजी, फक्त बोटाने दाबून बघा ना.

दाबायची गरज नाही. मी बसवलाय. बेल्ट हा विषय बंद.

२५ जून, मंगळवार

नवा विचार. वायरिंगमध्ये ओल शिरत असणार. दिवसभर डॅशबोर्डखाली उताणा पडून दिसेल त्या वायरला टेप गुंडाळली. मान धरली. सासूबाई येऊन वाकून बघून गेल्या. म्हणाल्या, आत कुणी आहे का?

वायपर बंद पडलेत. वायपरचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

२६ जून, बुधवार

पाऊस. वायपर नसल्यामुळे रस्ता दिसत नव्हता. लाल दिवा मात्र अगदी स्वच्छ दिसला.

२८ जून, शुक्रवार

आज या रोजनिशीचं चीज झालं. मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवा कधी लागतो? सकाळी विहारात जाताना. गाडीत कोण असतं? सासूबाई.

कारण सासूबाईच आहेत.

भावनेच्या भरात लिहीत नाही. त्यांच्या गळ्यात पितळेच्या आणि कशाकशाच्या मिळून अर्धा गळा भरेल एवढ्या ताइतांची माळ. मांडीवर भिक्षूंसाठी नेलेला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा. हातात चांदीचं कडं. एवढं धातूचं माणूस डॅशबोर्डपासून हातभर अंतरावर बसवलं तर दिवा काय करील? पण हे सुचायला निरीक्षण लागतं. सोम्योतला जन्मात सुचलं नसतं.

उद्या प्रयोग.

२९ जून, शनिवार

सिद्ध!

सासूबाईंना मागे हौद्यात बसवलं. प्लास्टिकची खुर्ची दिली, छत्री दिली, खुर्ची दोरीने बांधली. माणुसकी सोडली नाही. पुढे मी एकटाच, आणि त्यांच्यासाठी लावावा लागतो तो एसी आज अर्थातच बंद. विहारात जाईपर्यंत आणि येईपर्यंत दिवा एकदाही लागला नाही. एकदाही! मैनासुद्धा गप्प. बहुतेक आजारी असावी.

लोक रस्त्याने हात जोडत होते. सासूबाईंना वाटलं आपल्यालाच, पण ते हसू लपवत होते. विहाराच्या फाटकात म्हाताऱ्या बायकांनी घेरलं. एकजण म्हणाली, काय गं चान, दीक्षा तुझी आहे की नातवाची? सासूबाईंनी उतरताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परत येताना त्या सोम्योतच्या गाडीतून आल्या.

प्रानोम दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी एकदम म्हणाली, अहो, तुम्ही माझ्या आईला पोत्यासारखं मागे टाकलंत. म्हणालो, पोत्याला खुर्ची देतं का कुणी? यात तिला हसू आलं नाही.

विज्ञानाला किंमत द्यावीच लागते.

१ जुलै, सोमवार

सासूबाई आता सोम्योतबरोबरच जातात. आज मी एकटाच तालुक्याला निघालो. उकडत होतं म्हणून एसी लावला. दिवा लागला.

सासूबाई गाडीत नसताना. म्हणजे एक तर कारण त्या नव्हेत, किंवा त्यांचा परिणाम सीटमध्ये मुरलाय. दुसरी शक्यता जास्त वाटते. सीट उन्हात टाकली.

६ जुलै, शनिवार

वुट आला. वाळलाय. कारखान्यात दिवसभर गाड्यांच्या दारांना रबर बसवतो, आणि त्याबद्दल लोकांना सांगतो की गाड्यांच्या कामात आहे. मी त्याला कालवा खात्यात चिकटवत होतो. परीक्षेच्या दिवशी हे साहेब समुद्रावर गेले होते.

जेवण झाल्यावर बॉनेटपाशी घुटमळत होता. म्हणाला, बाबा, मी बघू का? दोन मिनिटं. म्हणालो, दाराचं रबर खराब झालं की सांगतो. तो हसला आणि आत गेला. त्याचं हे हसणंही मला कधी आवडलं नाही. त्यात उत्तर नसतं.

आता अंगणात चटईवर बसून पाली पाठ करतोय. दीक्षा होईपर्यंत त्याला नुसतं 'नाग' म्हणायचं असतं, नावाने हाक मारली की सासूबाई डोळे वटारतात. मी दोनदा त्याचे उच्चार सुधारले. पाली मला येत नाही, पण चूक ऐकू येते.

एक महत्त्वाचं. दीक्षेच्या सकाळी मुलगा आईबापांच्या पायाशी बसतो आणि झाल्यागेल्याची क्षमा मागतो. मगच मिरवणूक निघते. मी क्षमा करणार. मन मोठं आहे. पण कशाकशाची करतोय ते आधी नीट सांगून करणार, सगळ्यांसमोर. परीक्षा. दंडावर गोंदवलेला तो वाघ. माझी मोटरसायकल न विचारता विकली ते. तीन-तीन महिने फोन नाही ते. असं भाषण कागदावर उतरवलंय. दोन पानं झाली. हे भाषण मी आजच नव्हे, गेली कित्येक वर्षं मनात करतोय.

प्रानोम म्हणते, मुलाच्या भगव्या वस्त्राचं टोक धरून आईबाप स्वर्गात जातात. म्हणालो, तू टोक धर, मी माझ्या गाडीने येतो.

८ जुलै, सोमवार

प्रश्न सुटला. कायमचा.

इतके दिवस मी चुकीच्या दिशेने चाललो होतो, आणि ती चूकही लोकांनी डोकं खाल्ल्यामुळे झाली. मीटर म्हणतो यंत्र ठीक. दिवा म्हणतो बिघाड. दोघांत खोटा कोण? दिवा. मग खोटं बोलणाऱ्याला घरात कशाला ठेवायचं?

डॅशबोर्ड उघडून दिव्याचा बल्बच काढून टाकला.

लगेच बाजाराला चक्कर मारली. एसी फुल, रेडिओ फुल. दिवा नाही! इतका शांत प्रवास महिन्यात झाला नव्हता. मैना तेवढी ओरडत होती. बाजारातसुद्धा ओरडत होती. हल्ली कुणीही उठतं आणि मैना पाळतं.

बल्ब खिशात ठेवलाय. सोम्योत आला की दाखवणार.

९ जुलै, मंगळवार

दाखवला. सोम्योत बल्बकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, दाजी, घरात धूर झाला म्हणून नाक कापत नाहीत हो.

बोलायला मोठा. बल्ब परत खिशात टाकला.

१० जुलै, बुधवार

संध्याकाळी हेडलाइट पिवळट वाटले. डोळे तपासून घेतले पाहिजेत, मोतीबिंदू असेल.

वुट पुन्हा आला. म्हणाला, बाबा, बॅटरी चार्ज होत नाहीये. बेल्ट ताणून देऊ? पाना कुठंय? बॉनेटवर हातही ठेवला. त्याला त्याच्या मामानेच पढवून पाठवलं असणार. म्हणालो, तीन दिवसांत भिक्षू होणार आहेस, यंत्राचा मोह सोड. बायका रिबिनीत नाणी गुंडाळत बसल्या होत्या, मिरवणुकीत उधळायला. त्या फिदीफिदी हसल्या. वुटने हात काढून घेतला. काही बोलला नाही.

कधीच बोलत नाही. हेही भाषणात घातलं.

१२ जुलै, शुक्रवार. दुपार

मंडप उभा राहिला. आचारी आले. गाडी धुतली, झालरी लावल्या, केळीचे खुंट बांधले, हौद्यात गालिचा घातला. नजर लागावी अशी दिसत होती. सोम्योतने त्याचे भोंगे माझ्या गाडीवर चढवले आणि बॅटरीला जोडले. गाणं लागलं. पोरं नाचायला लागली. मी स्टिअरिंगवर बसून होतो. खरं सांगायचं तर त्या घटकेला फार बरं वाटत होतं.

मग गाणं आधी घोगरं झालं, मग बसलं, मग बंद. किल्ली फिरवली. टिक. परत फिरवली. टिकसुद्धा नाही.

वुट आणि दोन आतेभाऊ ढकलायला आले. भावी भिक्षू बापाची गाडी ढकलतोय आणि आख्खी गल्ली बघतेय. चालोंग तर खुर्ची घेऊन बाहेर आला.

प्रानोम म्हणाली, बस्स झालं. उद्या दादाची गाडी जाईल. हे पुण्याचं काम आहे, तुमची प्रयोगशाळा नाही. सोम्योतने काही न विचारता केबल लावून माझी बॅटरी भरून दिली. मी मागितली नव्हती. त्याने जबरदस्तीने दिली.

पण आता नेमकं कळलंय. बॅटरी भरणारा डायनॅमो गेलाय. बॅटरी नवी, वायरिंग माझ्या हातचं, बेल्ट माझ्या हातचा. मग उरलं काय? डायनॅमो. शहरातलं दुकान सहाला उघडतं. पाचला निघायचं, नवा डायनॅमो घ्यायचा, तिथेच बसवायचा, साडेसातला घरात. आठला केस कापायचे, साडेआठला क्षमा, नऊ वाजून नऊ मिनिटांच्या मुहूर्तावर मिरवणूक. वेळच वेळ आहे.

वुटला हे सांगितलं. त्याने गाडीवरची सुटलेली झालर नीट बांधली. मग म्हणाला, बाबा, उद्या सकाळी कुठे जाऊ नका. मी कुठल्या गाडीतून गेलो काय, चालत गेलो काय, मला काही नाही. तुम्ही फक्त थांबा.

महिन्याभरात त्याने एका दमात इतकी वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. त्याला वाटतंय बाप हरला. उद्या दाखवतो.

१३ जुलै, शनिवार. पहाटे ५:१०

निघालो. दिवे, वायपर, एसी, सगळं व्यवस्थित. वायपर वुटने काल गुपचूप दुरुस्त केलेले दिसतात. कुणी सांगितलं होतं?

५:५५

गाडी बंद. दोन्हीकडे भातखाचरं. शहर अजून लांब.

६:३०

फोन करणार नाही. केला तर सोम्योत येणार. नव्या गाडीतून, झालरी लावून. त्यापेक्षा इंजिन थोडं थंड होऊ दे. थंड झाल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप ठीक होतात.

७:२०

थंड झालं. ठीक झालं नाही.

८:००

प्रानोमचा फोन. कुठे आहात? म्हणालो, दुकानात, बसवतच आहेत. मागून एक म्हैस ओरडली. प्रानोम म्हणाली, दुकानात म्हैस आहे का? म्हणालो, गिऱ्हाइकाची आहे. तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, तो कात्री हातात घेऊन बसलाय तुमच्यासाठी.

मीच फोन ठेवला.

८:४०

पहिली बट बापाने कापायची असते. कागद खिशात आहे. भाषण परत वाचलं. मोठं झालंय. वाघाचा भाग काढून टाकला तरी चालेल.

९:१५

निघाली असेल मिरवणूक.

९:५०

बदकांनी भरलेला एक पिकअप थांबला. मालक उतरला, दात कोरत. नुसतं बघून म्हणाला, बेल्ट का काका?

हा तिसरा. चालोंगची मैना आणि सासूबाईंचं 'गाडी रडते' धरलं तर पाचवा. माझा संताप झाला. म्हणालो, इकडे या, हे बघा, चांगला बसवलेला बेल्ट कसा असतो ते आयुष्यात एकदा बघून ठेवा. आणि त्याला दाखवायला अंगठ्याने दाबला.

अंगठा आत गेला. पार मनगटापर्यंत जाईल असं वाटलं.

बदकवाला काही बोलला नाही. बदकं बोलत होती.

१०:१०

सीटखालचा पाना घेतला. सोंगक्रानला वापरलेलाच. बोल्ट सैल केला, बेल्ट ताणेपर्यंत डायनॅमो बाहेर ओढला, बोल्ट आवळला. ही नोंद लिहायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा कमी लागला. बदकवाल्याने केबल दिली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. दिवे लावले, एसी लावला. ते चीईई नाही. काहीच नाही.

१४ जुलै, रविवार

कालचं लिहायचं नव्हतं. पण नोंद म्हणजे नोंद.

पोचलो तेव्हा अकरा होऊन गेले होते. मंडपात पंगती उठत होत्या. आचाऱ्याने मला ओळखलं नाही, म्हणाला, काका, शेवया संपल्या, भात देऊ का? सरळ विहारात गेलो. गाडीला केळीचे खुंट तसेच बांधलेले. फाटकातल्या म्हाताऱ्या बाजूला झाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

झालं सगळं सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी अगदी चवीने सांगायला हवं होतं, मी त्यांच्या जागी असतो तर सांगितलं असतं. पण त्या हळूच सांगत होत्या, आणि मधेच माझ्या शर्टावरचं ग्रीस पदराने पुसत होत्या. ते काही निघालं नाही.

वुटने केस कापणं नऊपर्यंत थांबवून धरलं. पहिली बट आईने कापली. मग क्षमेला आईशेजारी माझी खुर्ची मांडली होती. कुणीतरी म्हणालं, सोम्योत, तू बस, बापाच्या जागी मामा चालतो. सोम्योत उठलाही. वुट म्हणाला, मामा, नको, राहू दे रिकामी. आईच्या पाया पडला, मग त्या खुर्चीच्या. सगळं म्हणाला, जे म्हणायचं असतं ते. कळत-नकळत बोलण्याने, वागण्याने, मनानेसुद्धा जे काही चुकलं असेल त्याची, बाबा, क्षमा करा. खुर्चीला. सोम्योतच्या भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीला.

खुर्चीने क्षमा केली असणार. तिच्याकडे भाषण नव्हतं.

मग मिरवणूक. सोम्योतची गाडी फुलं लावून तयार होती. वुट म्हणाला, बाबांची आली तर बसेन, नाहीतर चालतो. चालत गेला. अर्ध्या वाटेत पोरांनी खांद्यावर उचलला. भिक्षापात्र बापाने धरायचं असतं. ते सोम्योतने धरलं. त्याच्यावर रागावायचा मी काल पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही, त्यामुळे आणखी राग आला.

मी आत गेलो तेव्हा तो चौथऱ्यावर बसला होता. भगव्यात. भुवयासुद्धा नाहीत. ओळखू येत नव्हता, आणि हुबेहूब माझ्या वडिलांसारखा दिसत होता. आता तो भिक्षू. आता तो माझी क्षमा मागू शकत नाही, मागायचीही नाही. पाया मीच पडायचं. पडलो. तीनदा. माझ्या हातांचे काळे ठसे फरशीवर उमटले. कुणीतरी लगेच फडकं आणलं.

तो बघत होता. मी तोंड उघडलं, पण मागे रांग होती.

भाषण चुलीत घातलं. प्रानोमने विचारलं, कसला कागद? म्हणालो, डायनॅमोचं बिल. म्हणाली, डायनॅमो घेतलाच नाहीत ना? म्हणालो, नाही.

ती म्हणाली, बरं.

१५ जुलै, सोमवार. सकाळ

आज तो भिक्षेला आमच्या गल्लीतून येणार होता. रजेचे उरलेले पंधरा दिवस भगवं; मग परत रबर. तेवढ्यात काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून पहाटेच उठलो. एकच वाक्य तयार केलं होतं: तुझं सगळं माफ आहे. छोटं. भाषण नाही.

प्रानोमने भात, कालवण, उकडलेली अंडी ताटात लावून दिली. दारात उभा राहिलो. तीन म्हातारे भिक्षू पुढे, हा सर्वांत मागे. अनवाणी. रस्त्यावरचे खडे बोचत होते, ते त्याच्या चालण्यात दिसत होतं. माझ्यासमोर थांबला. पात्राचं झाकण उघडलं. नजर खाली.

भात घातला. अंडी ठेवली. मग वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, बेल्ट ढिला होता.

भिक्षेला निघालेला भिक्षू गप्पा मारत नाही. त्याने मान वर केली नाही. चौघांनी मिळून आशीर्वादाचं पाली म्हटलं, सगळ्या गल्लीला म्हणतात तेच. मी या वेळी उच्चार सुधारले नाहीत. पुण्याचं पाणी ओतायला प्रानोमने वाटी पुढे केली आणि तेवढ्यात दबक्या आवाजात म्हणाली, अहो, चपला.

भिक्षा अनवाणी वाढायची असते. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी चपला घालूनच वाढलं होतं.

काढल्या. तोवर तो पुढच्या दाराशी गेला होता.